गोष्ट सांगणारा पट

पटावरील खेळ म्हटला म्हणजे सारीपाट आणि बुद्धिबळ ही दोन नावे प्रथम आठवतात. एकाचे कूळ शर्यतीचे, दुसऱ्याचे युद्धाचे. सोंगटी घरी न्यावयाची किंवा राजाला कोंडीत धरावयाचे. मधल्या काळात जे घडले ते पट गुंडाळताच पुसले जाते. कौरव-पांडवांच्या द्यूताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण त्या पटावर कोणती सोंगटी कोणत्या घरात होती याची चौकशी कोणी करीत नाही. तेथे गोष्ट घडली ती पटाभोवती. पटाच्या पोटातच गोष्ट ठेवावी, खेळणाऱ्याने ती चालता चालता उलगडावी आणि खेळ आटोपल्यावर घरी सांगण्यासारखे काही त्याच्यापाशी उरावे, ही कल्पना निराळी आहे. तिचा एक नामांकित नमुना म्हणजे एरिक गोल्डबर्ग यांनी रचलेला 'टेल्स ऑफ द अरेबियन नाइट्स' हा खेळ. अमेरिकेतील 'वेस्ट एंड गेम्स' या संस्थेने तो १९८५ साली प्रथम काढला आणि २००९ साली 'झी-मॅन गेम्स'ने त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली.

साहित्यसंस्थेच्या नियतकालिकात खेळण्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, या खेळाचे मुख्य साधन फासाही नाही आणि सोंगटीही नाही; ते एक पुस्तक आहे, आणि ते दुसऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावे लागते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलांची अडचण नेमकी येथेच आहे. ती मराठी समजतात, घरात बोलतात, पण मराठी मजकूर मोठ्याने वाचण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात क्वचितच येतो. शाळेच्या तासात आला तर तो परीक्षेसारखा येतो. ज्या खेळात वाचल्याखेरीज पुढे पाऊलच पडत नाही, त्याची घडण शिक्षकांनी एकदा बारकाईने पाहून ठेवण्यासारखी आहे.

पटावर आशय ठेवण्याची रीत आपल्याकडे अपरिचित नव्हती. परंपरेने ज्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे जाते त्या मोक्षपटात प्रत्येक घराला नाव असते. कोठे सद्गुण, कोठे दोष. सद्गुणाच्या शिडीने वर चढावे, दोषाच्या सापाने खाली यावे. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला, तेथे प्रथम त्यातील गुणदोष इंग्रजी वळणाचे झाले, मग नावेच गळाली, आणि उरले ते नुसते साप व नुसत्या शिड्या. परंतु नावे होती तेव्हाही मोक्षपटाची गोष्ट सर्वांची एकच होती. खेळणारा कोण, त्याने काय निवडले, याला तेथे स्थान नव्हते. दान पडेल तसे जावयाचे. निवड हा घटक पटावरील कथेत आला तो फार उशिरा, विसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात.

त्या पंचवीस वर्षांत इंग्रजी जगात एकामागून एक तीन-चार गोष्टी घडल्या. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यात एक जण कथेकऱ्याच्या आसनावर बसतो, बाकीचे आपापल्या पात्राने काय केले ते बोलून सांगतात. १९७९ पासून 'चूज युअर ओन ॲडव्हेंचर' ही पुस्तकमाला आली. तिच्यात पानाच्या तळाशी वाचकाला दोन वाटा दाखवीत आणि वाटेप्रमाणे पान उलटावयास सांगत. १९८१ साली शेरलॉक होम्सच्या नावाचा एक गुप्तहेरीचा खेळ निघाला, त्यात लंडनचा नकाशा, वर्तमानपत्रे आणि उताऱ्यांची पुस्तिका एवढाच सरंजाम होता. त्याच्या जर्मन आवृत्तीला १९८५ चे वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचे पारितोषिक मिळाले. आणि १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन या दोन इंग्रज लेखकांनी 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे चारशे क्रमांकित उताऱ्यांचे पुस्तक लिहिले, जे एकट्याने फासे टाकीत वाचावयाचे होते. गोल्डबर्ग यांनी या साऱ्यांतून थोडे थोडे घेतले. कथेकरी माणूस मात्र त्यांनी काढून टाकला आणि त्याच्या जागी पुस्तक बसविले. सर्वांत चांगला निर्णय त्यांनी केला तो पुढचा: हे पुस्तक ज्याची पाळी आहे त्याच्या हाती द्यावयाचे नाही.

खेळ चालतो तो असा. एकापासून सहा जणांपर्यंत कोणीही बसावे. प्रत्येकाने एक पात्र घ्यावे: सिंदबाद, अलीबाबा, अल्लादीन, मारूफ, शहरजाद किंवा जुमुर्रुद. मग तीन कसबे निवडावी. कसबांच्या यादीत शस्त्रविद्या, नौकानयन, जादू, विद्वत्ता, धर्मनिष्ठा, वेषांतर, चोरी अशी बरीच नावे आहेत, आणि त्यांत 'गोष्ट सांगणे' हेही एक स्वतंत्र कसब आहे, हे आमच्या वाचकांना विशेष वाटेल. सर्वांनी बगदादहून निघावयाचे. पट म्हणजे जुन्या जगाचा नकाशा, शहरे, वाळवंटे, पर्वत आणि समुद्र असलेला. प्रत्येकाला आरंभी एक कामगिरी मिळते आणि ती पार पाडली की दुसरी. जिंकण्याची अट गुप्त असते: 'दैव' आणि 'कथा' अशा दोन प्रकारच्या गुणांची बेरीज वीस व्हावी, पण त्या विसांची वाटणी कशी करावयाची हे ज्याने त्याने खेळाच्या आरंभीच मनाशी ठरवून लिहून ठेवावयाचे. तेवढे गुण झाले की बगदादला परत यावयाचे. दैवाचे किती आणि कथेचे किती, हे खेळण्यापूर्वी स्वतःच ठरविणे हा नियम आम्हांला मोठा मार्मिक वाटतो.

आपल्या पाळीला सोंगटी चालवून थांबले की एक पत्ता उचलावयाचा. पत्त्यावरील आकडा व फाशाचे दान यांवरून पुस्तकात कोणाची गाठ पडली ते निघते. समजा, एक कोपिष्ट इफ्रीत भेटला. वाचणारा एवढेच सांगतो. तिसऱ्या एखाद्या गड्याच्या हाती एक कोष्टक असते. त्यात इफ्रीताशी काय काय करता येईल त्याची यादी आहे: लढावे, लपावे, आर्जव करावे, प्रार्थना करावी, लुबाडावे, मदत करावी. ज्याची पाळी आहे त्याने यांतून एक सांगावे. कोष्टकावरून उताऱ्याचा क्रमांक मिळतो, आणि मग टाकावयाचा दैवाचा फासा. त्याच्या अंगावर अंक नसतात. अधिकाचे चिन्ह, उण्याचे चिन्ह आणि कोरी बाजू एवढेच असते. चिन्हाप्रमाणे क्रमांक एकाने वाढतो, एकाने घटतो किंवा तसाच राहतो. म्हणजे एकाच निवडीला तीन शेजारी उतारे वाट पाहत असतात. मग पुस्तक ज्याच्या हाती तो वाचू लागतो. मध्येच तो थांबून विचारतो, तुझ्यापाशी वेषांतराचे कसब आहे काय? असले तर एक शेवट, नसले तर दुसरा. अशा उताऱ्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे.

दोन हजार हा आकडा मोठा वाटतो. वास्तविक तो आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. ते का, हे समजून घेतल्याशिवाय या खेळाची रचना समजणार नाही. वाट फुटणारी गोष्ट लिहावयास बसलेल्या लेखकाचा पहिला शत्रू गुणाकार हा असतो. दर वळणाला तीन वाटा दिल्या, तर पाच वळणांनंतर २४३ निरनिराळे शेवट लागतात; दहा वळणांनंतर ते ५९,०४९ होतात. एवढे कोण लिहिणार? एकट्याने वाचावयाच्या पुस्तकांनी यावर तोड काढली ती अशी की, फुटलेल्या वाटा थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणावयाच्या. डावीकडे गेलात काय, उजवीकडे गेलात काय, शेवटी पूल एकच. वाचकाच्या हे लवकर ध्यानात येते आणि मग त्याला फसविल्यासारखे वाटते. गोल्डबर्ग यांनी गाठीच सोडवून टाकली. त्यांच्या खेळात एक भेट दुसरीला साखळीने बांधलेली नाही. प्रत्येक भेट स्वतंत्र, आणि ती दोन-चार वाक्यांत संपते. मग गोष्ट जोडते कोण? ते काम त्यांनी 'स्थिती' दाखविणाऱ्या पत्त्यांकडे दिले आहे.

एखाद्या उताऱ्याच्या अखेरीस खेळणाऱ्यास फळ मिळते. कधी गुण, कधी खजिना, कधी संपत्तीची एक पायरी वर किंवा खाली. आणि कधी एक स्थिती. तो जखमी होतो, प्रेमात पडतो, विवाहित होतो, वाट चुकतो, कैदेत पडतो, शापित होतो, वेडा होतो, पशूच्या रूपात जातो, वजीर किंवा सुलतानही होतो. ही स्थिती पुढच्या सर्व भेटींवर सावली टाकते. वाट चुकलेल्याची सोंगटी दुसराच कोणी चालवितो. वेडा झालेल्याची निवडही त्याच्या हाती राहत नाही. विवाहितास घराकडे परत फिरावे लागते. आता समजा, वेड लागलेला, विवाहित आणि पाठलाग होत असलेला एक सिंदबाद वाळवंटात एका वृद्ध स्त्रीला भेटला. त्या भेटीचा उतारा लिहिताना लेखकाला यातले काहीच ठाऊक नव्हते. तरीही ऐकणाऱ्यांना ती भेट मागच्या साऱ्या हकिकतीचा परिणाम वाटते, कारण मधला दुवा ते स्वतःच मनात जुळवितात. कार्यकारणाचा धागा पुस्तकात छापलेला नाही. तो बसलेल्या मंडळींच्या मनात विणला जातो. दोन हजार उतारे पुरतात ते यामुळे.

कथाशास्त्राच्या दृष्टीने हा खेळ मूळ ग्रंथाशी किती प्रामाणिक आहे, हेही येथेच दिसते. अरबी रात्रींतील नायक स्वतःच्या गुणांनी फारसे काही मिळवीत नाहीत. सिंदबाद सात सफरी करतो आणि दर सफरीत सर्वस्व गमावून पुन्हा कमावतो. त्यात शहाणपण थोडे, लाटांची कृपा जास्त. मारूफ चांभार परक्या नगरात आपला मोठा काफिला मागून येत असल्याची थाप ठोकतो, आणि अखेर ती थाप खरी होते. अशा जगाचा खेळ बुद्धिबळासारखा हिशेबी केला असता तर तो खोटा ठरला असता. चातुर्याने डाव मारण्याच्या ईर्ष्येने जो बसेल त्याची या पटावर निराशा होते आणि तो खेळाला नावे ठेवतो. त्याचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. चांगली निवड करूनही माणूस पशू होतो, मूर्खपणा करूनही वजीर होतो. पण हा दोष ज्या ग्रंथाचा आहे त्याच्या वाचकांनी तो शेकडो वर्षे गोड मानून घेतला आहे.

या ग्रंथाचा प्रवासही पटावर मांडण्याजोगाच आहे. त्याचे बीज 'हजार अफसान' या फारसी कथासंग्रहात होते, असे दहाव्या शतकातील अरबी ग्रंथसूचिकार इब्न अल्-नदीम याने नोंदविले आहे. नवव्या शतकातील एक फाटका कागद शिकागोस आहे, त्यावर या कथांच्या आरंभाचा अंश आढळतो. युरोपात त्या पोहोचविल्या आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने, १७०४ ते १७१७ या काळात बारा खंडांत. त्याच्यापाशी सीरियातून आलेले जे हस्तलिखित होते त्यात अल्लादीन नव्हता आणि अलीबाबाही नव्हता. या दोन्ही गोष्टी १७०९ साली पॅरिसात आलेल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने त्याला तोंडी सांगितल्या. दियाब हा अलेप्पोचा मारोनी ख्रिस्ती. गालाँने आपल्या रोजनिशीत त्यांची टिपणे केली आणि पुढे त्यांवर फ्रेंच भाषेचा साज चढविला. दियाबने उतारवयात लिहिलेली आपली प्रवासकथा व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. सिंदबादच्या सफरीही मूळच्या स्वतंत्र. गालाँनेच त्या रात्रींच्या मालेत ओवल्या. तेव्हा आज पटावर ज्या सोंगट्या सर्वांत आधी उचलल्या जातात, त्यांपैकी तीन या ग्रंथात बाहेरून आलेल्या आहेत, आणि त्यांतील दोघांची आपल्याला माहीत असलेली वाट एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात, तेथून कागदावर अशी झाली आहे. खेळात तीच वाट उलटी फिरते. कागदावरचा मजकूर पुन्हा एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी पडतो.

आपल्याकडे या कथा इंग्रजीच्या मार्गाने आल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' १८६० च्या दशकात निघू लागले, आणि मराठी गद्याची गोडी लावणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना होते. शंभर वर्षांनंतर, १९७० च्या दशकात, गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी ग्रंथाचे सोळा खंड मराठीत आणले. कथेच्या पोटात कथा घालण्याची रीत तर आपल्याला घरचीच. वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी, शुकबहात्तरी या तिन्ही मालांचे सूत्र तेच. वेताळपंचविशी तर या खेळाच्या फारच जवळ जाते. कथा सांगून झाली की वेताळ प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. निवड आहे, निवडीचे फळ आहे, आणि दोन्ही फळे कडू आहेत. कोष्टक आणि फासा तेवढे राहिले.

असे असता हा खेळ जसाच्या तसा मराठीत उतरवून मुलांच्या हाती द्यावा काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले लहान आहे. या पटावरील पूर्व ही पश्चिमेने पाहिलेली पूर्व आहे. लेन आणि बर्टन यांच्या इंग्रजीतून व पुढे चित्रपटांतून जी रंगीत प्रतिमा तयार झाली तिचाच हा वारसा. गुलामी आणि अपंगत्व येथे एकेका पत्त्यावरची गंमत होऊन येतात. मोठ्यांनी हे समजून खेळावे. वर्गात मात्र त्याची वाच्यता करावी लागेल. दुसरे कारण भाषेचे आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे.

इंग्रजी उतारे खेळणाऱ्याला उद्देशून लिहिलेले असतात. त्या भाषेत द्वितीय पुरुषी क्रियापदाला लिंग नाही, म्हणून एकच वाक्य अलीबाबाला आणि शहरजादला सारखेच लागू पडते. मराठीत 'तू गुहेत शिरलास' असे लिहिले की शहरजाद बाहेर राहिली. 'शिरलीस' लिहिले की अलीबाबा. वर्तमानकाळाने सुटका नाही: 'तू जातोस', 'तू जातेस'. यातून निघण्याच्या वाटा आहेत, पण प्रत्येकीला जकात आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ घेतला तर रूप कर्मावर जाते: 'तू दार उघडलेस' हे दोघांनाही चालते. पण सारी गोष्ट सकर्मक क्रियांनी कशी रेटावी? माणूस पडतो, पळतो, झोपतो, दचकतो, हरवतो. आणि साहसकथेत तर हेच जास्त. भविष्यकाळ घ्यावा, 'तू गुहेत शिरशील', तर तो ज्योतिषाने सांगितल्यासारखा लागतो. आदरार्थी 'तुम्ही' घेतला तर 'तुम्ही शिरलात', 'तुम्ही पळालात' ही रूपे स्त्रीपुरुषांना समान आहेत, आणि व्याकरणाच्या दृष्टीने हा सर्वांत सोपा मार्ग. तरीही विशेषण येताच तो अडखळतो: 'तुम्ही आंधळे झालात' की 'आंधळ्या झालात'? शिवाय दहा वर्षांच्या सवंगड्यांनी एकमेकांना अहो-जाहो करीत इफ्रीताशी लढावयाचे, यात खेळाचा जीव जातो.

या खेळातील स्थितींत लिंगबदल ही एक स्थिती आहे. जुमुर्रुदची कथाही अशीच: ती दासी पुरुषवेष घेते आणि एका नगराची राजा होते. इंग्रजीत अशा वेळी उताऱ्यातील एक अक्षरही बदलावे लागत नाही. मराठीत मात्र त्या घटकेपासून खेळणाऱ्याचे सारे व्याकरण फिरेल. काल 'आलास' होता, आज 'आलीस'. मूळ खेळात जो पत्ता नुसता हसण्यावारी जातो, तो मराठीत वाक्यावाक्याला जाणवेल. आम्हांला तर वाटते की मराठीच्या या अडचणीत खेळाचा फायदा आहे. उतारे एकाच रूपात छापावे, आणि समोर कोण बसले आहे ते पाहून रूप बदलण्याचे काम वाचणाऱ्या मुलावर सोपवावे. 'शिरलास' छापले असेल तेथे त्याने ताईकडे पाहून 'शिरलीस' वाचावयाचे. चुकला तर बाकीचे हसून दुरुस्त करणारच. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपली मुले हिंदीच्या सवयीने 'माझी पुस्तक' म्हणून जातात. नपुसकलिंग त्यांच्या कानातून निसटत चालले आहे. लिंगवचनांची कोष्टके पाठ करवून ते परत येत नाही, हा शिक्षकांचा अनुभव आहे. इफ्रीत अंगावर येत असता बोललेले रूप कदाचित येईल.

म्हणून भाषांतरापेक्षा नवी रचना बरी, आणि तिला सामग्री शोधीत बगदादपर्यंत जाण्याचे कारण नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' डोळ्यांपुढे आणावा. वरसईचा हा भिक्षुक द्रव्यार्जनासाठी १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते पुस्तक प्रकाशात आणले. त्यात या खेळाला लागणारे सर्व काही आहे. नकाशा आहे: महू, ग्वाल्हेर, झाशी, काशी. कामगिरी आहे: कर्ज फेडावयाचे आणि मातापित्यांना गंगास्नान घडवावयाचे. संपत्तीच्या पायऱ्या आहेत, कारण मिळालेली दक्षिणा लुटीत जाते. आणि कसबेही आहेत: याज्ञिकी, संभाषणचातुर्य, उपास सोसणे, गर्दीत मिसळून जाणे. ग्वाल्हेरच्या किंवा इंदूरच्या शाळेतील मुलाला हा पट आपल्या गावावरून गेलेला दिसेल, ही आणखी एक जोड.

आरंभ लहानच असावा. बारा स्थळे आणि बारा भेटी, प्रत्येक भेटीला चार प्रतिसाद, असे धरले तर ४८ निवडी होतात. दैवाच्या फाशासाठी प्रत्येक निवडीला तीन स्वतंत्र उतारे लिहिले तर १४४. परंतु शेजारच्या निवडींना एकेक उतारा सामाईक ठेवला तर शंभराच्या आत काम भागते. वर्गात तीस मुले असली तर प्रत्येकाच्या वाट्यास तीन उतारे येतात. उतारा सत्तर-ऐंशी शब्दांपलीकडे जाऊ देऊ नये. लांबला की ऐकणारे आपापसांत बोलू लागतात. मागच्या किंवा पुढच्या उताऱ्याचा उल्लेख त्यात कोठेही असता कामा नये. ही अट मुलांना प्रथम जाचक वाटते, कारण त्यांना गोष्ट लांबवावयाची असते. स्थितीचे पत्ते दहा पुरेत, आणि ते मात्र शिक्षकाने स्वतः विचार करून ठरवावे, कारण सारा भार त्यांच्यावर आहे. जखमी, कर्जबाजारी, संशयित, वाट चुकलेला, आश्रित, ही काही नावे सहज सुचतात. एक पत्ता आम्ही अवश्य ठेवू: खांद्यावरची गंगेची कावड. ज्याच्याकडे ती आली त्याने पळ काढू नये, नदी पोहून जाऊ नये, आणि लुटारू भेटला तर सर्वस्व द्यावे पण ती खाली ठेवू नये. वरसईला पोहोचेपर्यंत हा पत्ता कोणत्याही फाशाने उतरत नाही.